दिसतं ते आणि असतं ते

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपसाठी मी २००३ साली पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहायला बसलो. त्या ऑफिसात दोनच आवाज असायचे, मागच्या शेडमधल्या प्रेसचा आणि टेबलावरच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा. बिलाच्या तीन प्रती निघत. मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी ट्रान्सपोर्टरला, तिसरी आपल्याला. मालकांचं मागणं साधं होतं. ग्राहकाचं शेड्यूल दर आठवड्याला एक्सेलमध्ये येतं, ते पुन्हा हाताने टाइप करावं लागू नये.

एक्सेलच्या जुन्या फाइलची आतली रचना तेव्हा उघड नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती २००८ मध्ये जाहीर केली. त्याआधीच काही लोकांनी फाइलचे बाइट न् बाइट तपासून ‘पीओआय’ नावाची जावा लायब्ररी उभी केली होती. काम २००१ मध्ये सुरू झालं आणि पुढे ते अपाचे या संस्थेच्या छत्राखाली आलं. मी ती उतरवून घेतली आणि दोन दिवसांत पहिली फाइल वाचली. भाग क्रमांक आणि नग पडद्यावर उमटले तेव्हा आता सगळं जमलं असंच वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात टेम्पो ग्राहकाच्या गेटवरून परत आला. मालावरच्या लेबलवर भाग क्रमांक होता ७४१२.०, आणि हवा होता ००७४१२. एक्सेलच्या सेलमध्ये खरोखर ७४१२ हा आकडाच होता. आधीची दोन शून्यं हा फक्त दाखवण्याचा प्रकार होता, आणि शेवटचा ‘.०’ जावातल्या दशांश आकड्यातून आलेला. लायब्ररीने जे होतं तेच मला दिलं होतं. चूक माझी होती, मी पडद्यावर दिसणाऱ्यावर विसंबलो होतो. पुढच्या वीस वर्षांत हा धडा मला वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिला.

त्या काळात भोसरी ते चाकण हा सगळा पट्टा झपाट्याने बदलत होता. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ पासून होताच. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा सुरू झाला, २०१० मध्ये महिंद्राचा. मोशीच्या पुढे नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागू लागल्या. कागदही बदलला. पर्चेस ऑर्डर आता एक्सेलऐवजी पीडीएफमध्ये यायला लागल्या, आणि तिथे मी अक्षरशः अडकलो.

अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणलं ते एका कामासाठी. कुठल्याही यंत्रावर पान जसंच्या तसं दिसावं आणि छापलं जावं. २००८ मध्ये ते आयएसओचं मानक झालं. पण पानावर तक्ता दिसतो म्हणून फाइलमध्ये तक्ता असेल असं नाही. आत बहुधा एवढंच असतं, की पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून इतक्या पॉइंटांवर हे अक्षर काढा, तितक्यांवर ती रेघ ओढा. बहात्तर पॉइंटांचा एक इंच. ‘नग’ या रकान्याखाली ५०० आहे हे माणसाचा डोळा ठरवतो. फाइलला ते ठाऊक नसतं. पीडीएफबॉक्स या लायब्ररीने मजकूर काढला की दर आणि नग एका ओळीत चिकटून येत. मग मी प्रत्येक शब्दाची जागा मागवून घेऊ लागलो आणि रकान्यांच्या हद्दी स्वतः आखू लागलो. एक्सेलमध्ये असणं होतं आणि दिसणं वेगळं होतं. इथे फक्त दिसणंच होतं.

याच सुमारास दुसरं भान आलं. आयटेक्स्ट ही पीडीएफची गाजलेली लायब्ररी डिसेंबर २००९ मध्ये एजीपीएल परवान्याखाली गेली. म्हणजे ती वापरून केलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला द्यायचा तर आपला कोडही खुला करा किंवा पैसे भरून परवाना घ्या. लायब्ररी घेताना परवाना आधी वाचावा हे मी तेव्हापासून पाळत आलो आहे, आणि प्रत्येकाने पाळावं असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी पीडीएफ कसंबसं हाताळता येऊ लागलं तेव्हा मराठी समोर आली. टेंडरच्या अटी, परवाने, नोटिसा. युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या मराठीतून तर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढिगारा निघे. युनिकोड आल्यावर प्रश्न संपेल असं आम्हाला वाटलं होतं. तो संपला नाही, कारण पीडीएफ चिन्हं काढतं ती बहुधा डोळ्याला दिसतात त्या क्रमाने. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी दिसते, मजकुरात मात्र ती अक्षरानंतर साठवायची असते. त्यामुळे ‘पिंपरी-चिंचवड’ बाहेर येतं ते ‘िपंपरी-िचंचवड’ असं. निगडी आणि चिखलीचं तेच होतं. आकुर्डीतला रफार ‘ड’च्या डोक्यावर दिसतो, मजकुरात त्याची जागा ‘ड’च्या आधी, काढलेल्या मजकुरात तो मागे पडतो. चाकण, भोसरी, मोशी, तळवडे ही नावं सुखरूप येतात. माझ्या संगणकावर या गावांच्या नावांची एक चाचणी फाइल आहे. नवी लायब्ररी हाती आली की मी आधी ती चालवतो.

वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे ठेवली की झालं, असं मलाही वाटलं होतं. मग ‘स्थिती’ आला. वेलांटीला इथे एका अक्षरावरून नव्हे, अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारावी लागते, नाहीतर शब्द मधूनच फुटतो. पीडीएफमध्ये दिसणाऱ्या चिन्हांसोबत खरा मजकूर ठेवायची सोय आहे. फाइल तयार करणाऱ्याने ती वापरली आणि मजकूर काढणाऱ्या लायब्ररीने ती वाचली, तर हा त्रासच उरत नाही. बऱ्याचदा ती वापरली जात नाही, आणि म्हणून कितीतरी सार्वजनिक कागदांत ‘पिंपरी’ शोधलं तर पिंपरी सापडत नाही. नागरिकाला आपल्याच गावाची नोंद सापडू नये, हे मला सहन होत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालं आणि मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटींवर आली. बिलावरच्या क्यूआर कोडमध्ये दोन्ही जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, रक्कम सहीनिशी येऊ लागली. बिलावरचे हे तपशील वाचायला मी महिने घालवले होते, ते आता एका स्कॅनमध्ये मिळू लागले. मला त्याचा आनंदच झाला.

जॉबवर्कचं चलान मात्र ई-इन्व्हॉइसच्या बाहेर राहिलं. प्लेटिंगला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे हा नियम, आणि त्याचा हिशेब ज्या कागदावर तो बऱ्याचदा बॉलपेनने लिहिलेला, तेलाचे डाग पडलेला. त्यासाठी मी टेसेरॅक्ट घेतलं. एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ च्या सुमारास जन्मलेलं, चित्रातली अक्षरं ओळखणारं हे ओसीआर २००५ मध्ये खुलं झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत त्याला न्यूरल नेटवर्क मिळालं. स्वच्छ छापील मराठी ते बरं वाचतं. हाताने लिहिलेलं चलान त्याने मला कधी भरवशाने वाचून दिलं नाही. तिथे मी माणूस बसवला आणि पडद्यावर चलानाचं चित्र त्याच्यासमोर ठेवलं.

आता नवी मुलं येतात तेव्हा लायब्ररी कुठली घेऊ हे आधी विचारतात. मी त्यांच्या हाती दहा चलानं आणि एक पेन्सिल देतो. कुठला आकडा कुठून येतो आणि तो चुकला तर गेटवर काय अडतं, ते स्टोअर्सवाल्याला विचारून या म्हणतो. इन्स्टॉल करायला दहा मिनिटं लागतात. हे विचारायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस मी कोणाला वाचवू देत नाही.

एक मागणं आहे. पीडीएफबॉक्स, पीवायपीडीएफ, टेसेरॅक्ट या खुल्या लायब्रऱ्या आहेत, आणि त्या सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठी वाचता येत नसावं. तुटलेला शब्द त्यांना तुटलेला दिसतच नाही. तुमच्या हातून मराठी मजकूर तुटला तर तो गुपचूप आपल्या कोडमध्ये जोडून पुढे जाऊ नका. एका पानाची फाइल करा, काय निघालं आणि काय निघायला हवं होतं ते लिहा आणि त्यांना पाठवा. त्यात ग्राहकाचं बिल नको. पिंपरी, चिंचवड, निगडी, आकुर्डी एवढी नावं पुरतात.