पपी लिनक्स अपग्रेड करताना सेटिंग्ज आणि अ‍ॅप्स कशी टिकवायची?

विंडोज ओढताना दमलेल्या जुन्या लॅपटॉपवर पपी लिनक्स सहज चालते. बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही छोटी प्रणाली रॅममधूनच चालू शकते, म्हणून जुन्या मशीनवरही ती चपळ वाटते. नवी आवृत्ती आली की मात्र शंका येते: मराठी कीबोर्ड, वाय-फायचे पासवर्ड, बुकमार्क आणि नंतर टाकलेली अ‍ॅप्स पुसली जातील का? बहुतेक सगळे टिकवता येते; फक्त अपग्रेड कोणत्या प्रकारचे आहे, ते आधी ओळखायला हवे.

तुमचे बदल कुठे साठतात?

नेहमीच्या 'फ्रुगल' इन्स्टॉलमध्ये मूळ प्रणाली मोजक्याच फायलींत असते: कर्नल, बूट फाइल आणि एसएफएस या आकुंचित फायली. त्या फक्त वाचल्या जातात, बदलत नाहीत. तुम्ही केलेले सर्व बदल वेगळ्या सेव्ह फाइलमध्ये किंवा सेव्ह फोल्डरमध्ये जातात.

नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसे हे आहे. खालचा नकाशा बदलला तरी खुणा राहतात. पण एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असेल, तर वरची, म्हणजे सेव्हमधली, फाइलच दिसते. जुनी फाइल नवीला झाकते आणि गडबड होते ती इथेच.

त्याच मालिकेतले अपग्रेड

उदाहरणार्थ, बुकवर्मपप६४ वरून त्याचीच पुढची आवृत्ती.

१. सेव्हशिवाय, फक्त रॅमवर बूट करा आणि सेव्हची प्रत काढा. सेव्ह फोल्डर फॅट३२ पेनड्राइव्हवर तसाच कॉपी करू नका. फायलींच्या परवानग्या आणि लिंक हरवतात. आधी त्याची टार फाइल बनवा.
२. प्रणालीच्या जुन्या फायलीही दुसरीकडे जपून ठेवा.
३. नव्या आयएसओमधले कर्नल, बूट फाइल आणि सर्व एसएफएस फायली जुन्यांच्या जागी ठेवा. कर्नल नवे आणि ड्रायव्हरची एसएफएस जुनी असे झाले, तर वाय-फाय किंवा आवाज बंद पडू शकतो.
४. नेहमीप्रमाणे बूट करा. आवृत्ती बदलल्याचे पपी ओळखते आणि सेव्हमधल्या, नव्या फायलींना झाकणाऱ्या जुन्या फायली साफ करते. म्हणून पहिल्या वेळी थोडा उशीर लागू शकतो.

या सफाईनंतर तीच सेव्ह जुन्या आवृत्तीला नीट चालेल याची खात्री नसते. मागे फिरायचे तर पहिल्या पायरीतली प्रतच उपयोगी पडते.

पायाच वेगळा असेल तर

फॉसापप६४ उबुंटू २०.०४ वर, तर बुकवर्मपप६४ डेबियन १२ वर आधारलेली आहे. दोन्हींच्या लायब्ररी वेगळ्या. इथे जुनी सेव्ह नव्या प्रणालीला जोडू नका. अ‍ॅप्स उघडणार नाहीत किंवा डेस्कटॉपच येणार नाही.

नवी पपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, बूट मेन्यूत तिची नोंद करा आणि नवी सेव्ह तयार होऊ द्या. जुनी पपी शेजारी तशीच राहते. मग कागदपत्रे, फोटो आणि फॉन्ट कॉपी करा, बुकमार्क एक्सपोर्ट करून आणा आणि अ‍ॅप्स पॅकेज मॅनेजरमधून पुन्हा टाका. संपूर्ण होम फोल्डर उचलून आणायचा मोह टाळा. त्यातल्या लपलेल्या सेटिंग फायली नव्या डेस्कटॉपशी जुळतीलच असे नाही.

पुढच्या वेळेसाठी

कागदपत्रे सेव्हमध्ये न ठेवता हार्ड डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सेव्ह फाइलचा आकार ठरलेला असतो. ती भरत आली असेल, तर अपग्रेडआधी वाढवा. शक्य तिथे अ‍ॅपइमेज वापरा, कारण ती सेव्हबाहेर राहते आणि बऱ्याचदा नव्या आवृत्तीतही तशीच चालते. टाकलेल्या अ‍ॅप्सची यादीही लिहून ठेवा. सेव्हमध्ये जितके कमी, तितके पुढचे अपग्रेड सोपे.