लांडोर आणि कोंबडी : दोन माता, दोन रीती

पैठणीच्या पदरावर मोर असतो, दारातल्या रांगोळीत मोर असतो, सरस्वतीच्या चित्रातही पुष्कळदा तिच्याजवळ मोर उभा असतो. १९६३ साली भारताने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. या साऱ्या कौतुकात लांडोरीचे नाव मात्र क्वचितच निघते. तिला पिसारा नाही. तपकिरी अंग, पांढुरके पोट आणि मानेवर थोडी हिरवी झाक, एवढाच तिचा साज. तरीही मोराचा वंश टिकून आहे तो लांडोरीच्या कष्टांवर. नृत्य संपले की मोराचे काम संपते. अंडी उबवणे आणि पिले वाढवणे यांत त्याचा काडीइतकाही वाटा नसतो.

हे कष्ट पाहण्यासाठी दूरच्या अरण्यात जावे लागत नाही. अरवलीचा जो खडकाळ पट्टा दिल्लीत ‘रिज’ या नावाने ओळखला जातो, तेथील काटेरी झाडोऱ्यात, संजय वनात, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या परिसरात आणि असोला-भट्टी अभयारण्यात मोरांची वस्ती आहे. उत्तर भारतात लांडोरीचा विणीचा हंगाम प्रामुख्याने पावसाळ्यात येतो. याच दिवसांत एखाद्या झुडपाआड ती जमीन थोडी उकरते आणि त्या खळग्यात अंडी घालते. शहरात कधी कधी एखाद्या निवांत गच्चीचा कोपराही ती पसंत करते.

लांडोरीचे मातृत्व समजून घ्यायचे, तर आपल्या परसातल्या कोंबडीशी तिची तुलना करणे सोयीचे ठरते. दोघी एकाच कुळातल्या. दोघी जमिनीवर अंडी घालतात, आणि दोघींची पिले डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊनच बाहेर येतात. कोंबडी खुडूक झाली म्हणजे घरातल्या बाईला ते लगेच कळते. ती जागेवरून हलत नाही, पिसे फुलवते, हात लावू गेल्यास चोच मारते. मग तिच्याखाली दहा-बारा अंडी मांडली जातात आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिलांची चिवचिव ऐकू येते. लांडोरीची अंडी साधारणपणे चार ते आठ असतात, पण प्रत्येक अंडे कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे. ती एक-दोन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते आणि सुमारे अठ्ठावीस दिवस उबवते. दिवसातून थोडा वेळ दाणापाण्यासाठी उठते, तेवढीच तिची विश्रांती. या चार आठवड्यांत कुत्री, मांजरे, मुंगसे आणि कावळे यांपासून तिचे रक्षण करतो तो फक्त तिचा मातकट रंग आणि तिचा निश्चलपणा.

पिले बाहेर आल्यावर दोघींच्या रीती वेगळ्या होऊ लागतात. कोंबडी पायाने माती उकरते, दाणा दिसला की विशिष्ट आवाज काढते, तो उचलून पुन्हा खाली टाकते. पिले धावत येतात आणि जमिनीवरचा दाणा स्वतः टिपतात. पहिल्या दिवसापासून त्यांना स्वावलंबनाचा धडा मिळतो. लांडोर मात्र किडा किंवा दाणा चोचीत धरून पिलापुढे करते, आणि पिलू तो तिच्या चोचीतून घेते. खाली पडलेले अन्न स्वतः टिपण्याची सवय त्याला हळूहळू लागते.

दुसरा फरक रात्रीच्या निवाऱ्याचा. कोंबडी पिलांना पंखांखाली घेऊन खुराड्यात किंवा डालग्याखाली जमिनीवरच बसते. लांडोरीची जात मात्र रात्री झाडावर झोपणारी. म्हणून तिची पिले अंड्यातून येतानाच पंखांची पिसे घेऊन येतात आणि थोड्याच दिवसांत फडफडत वर चढू लागतात. एकदा ती फांदीपर्यंत पोहोचू लागली, की आई संध्याकाळी त्यांना झाडावर नेते. फांदीवर आई मधोमध आणि तिच्या दोन्ही पंखांखाली पिले, असे ते कुटुंब रात्र काढते.

तिसरा फरक काळाचा. कोंबडी दीड-दोन महिन्यांत पिलांना दूर करते आणि पुन्हा अंड्यावर येते. पुष्कळ पिले, थोडे दिवस, ही तिची रीत. लांडोरीची पिले कित्येक महिने तिच्यामागे हिंडत राहतात. पावसाळ्यात जन्मलेली पिले हिवाळ्यातही आईजवळ दिसतात, हे दिल्लीकरांनी पाहिलेले असेल. थोडी पिले आणि दीर्घ सहवास, ही तिची रीत. यांत कोणती माता थोर, हा प्रश्न व्यर्थ आहे. एकीला जमिनीवर जगणारे मूल वाढवायचे असते, दुसरीला झाडावर झोपणारे. जिचे मूल जसे, तशी तिची शिकवण.

हे भेद केवळ कुतूहलाचे नाहीत. शेतात किंवा गच्चीवर लांडोरीची अंडी सापडली की ती उचलून खुडूक कोंबडीखाली ठेवावी, असे अनेकांना वाटते. कोंबडी ती उबवतेही, कारण उबेच्या बाबतीत ती आपपर भाव जाणत नाही. पण अडचणी पुढे येतात. कोंबडी दाणा जमिनीवर टाकते आणि पिलू तिच्या चोचीकडे पाहत राहते. पिलाला उंच बसावेसे वाटते आणि आई मात्र खाली. पिलाला आईची गरज असतानाच ती त्याला दूर लोटते. शिवाय कोंबड्यांच्या आतड्यातील एका कृमीच्या अंड्यांतून एक सूक्ष्म परोपजीवी पसरतो. कोंबडीला त्याचा सहसा फारसा त्रास होत नाही, परंतु मोराच्या पिलाला तो प्राणघातक ठरू शकतो. सद्भावनेने केलेले हे काम पिलाच्या जिवावर बेतू शकते.

कायद्याचेही येथे स्पष्ट मत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. रानपक्ष्याची अंडी नष्ट करणे किंवा त्याच्या घरट्याला उपद्रव देणे, यालाही हा कायदा शिकारच मानतो.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते, म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या खुडूक न होणाऱ्या कोंबड्याच निवडल्या. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली असून त्यांची अंडी यंत्रात उबवली जातात. गावठी कोंबडीने ती अजून जपली आहे. रानातल्या लांडोरीला मात्र असे यंत्र मिळत नाही. तिच्या पिलांना तिच्यावाचून दुसरा आधार नाही.

म्हणून पावसाळ्यात झुडपाआड किंवा गच्चीवर निश्चल बसलेली लांडोर दिसली, तर दुरूनच पाहावे. मुलांनाही ती दुरूनच दाखवावी. तेवढे दिवस पाळीव कुत्रे बांधून ठेवावे, आवारातील काटेरी झुडपे तोडण्याचे काम पुढे ढकलावे, गच्चीचे दार शक्य तर बंद असू द्यावे. पिलू एकटे दिसले, तरी आई बहुधा जवळपासच असते, त्याला उचलू नये. पक्षी जखमी असेल तर वनखात्याला कळवावे. आपल्याकडून तिला चार आठवड्यांची शांतता मिळाली, की उरलेले सारे ती स्वतः करते.