कोरियन मजकूर एका संकेतप्रणालीतून दुसरीत नेताना

जुनी कोरियन फाइल आजच्या संगणकावर उघडली की पुष्कळदा पडद्यावर निरर्थक अक्षरांची गर्दी दिसते. आपण म्हणतो, फाइल बिघडली. खरं तर बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते, आपण ती चुकीच्या किल्लीने उघडलेली असते. मात्र त्याच अवस्थेत कुणी ती 'सेव्ह' केली, तर मजकूर खरोखरच जाऊ शकतो. तो वाचवायचा कसा, ते आज पाहू.

आधी लिपी समजून घेऊ. हांगुल ही लिपी राजा सेजोंगने १४४६ साली जाहीर केली. तिच्यात सुटे वर्ण एका चौकोनात रचून एक अक्षर होतं. सुरुवातीला १९ पैकी एक व्यंजन, मग २१ पैकी एक स्वर, आणि शेवटी २७ पर्यायांपैकी एक व्यंजन किंवा काहीच नाही, म्हणजे २८ शक्यता. गुणाकार करा: १९ गुणिले २१ गुणिले २८, म्हणजे ११,१७२ अक्षरं.

आता ही संगणकात कशी भरायची? दोन विचार पुढे आले. पहिला 'जोहाब', म्हणजे जोडणीचा. दोन बाइटमध्ये १६ बिट असतात. पहिला बिट खूण म्हणून ठेवायचा आणि उरलेल्या १५ मधले पाच-पाच बिट तीन भागांना वाटून द्यायचे. सगळी ११,१७२ अक्षरं बसली! दुसरा विचार 'वानसॉन्ग', म्हणजे तयार अक्षरांचा. १९८७ च्या केएस सी ५६०१ या मानकाने हा मार्ग घेतला. ९४ ओळी, ९४ रकाने, एकूण ८,८३६ घरं. त्यांत ४,८८८ हांजा, म्हणजे चिनी अक्षरं, बसवली आणि हांगुलची फक्त २,३५०.

म्हणजे ८,८२२ अक्षरं बाहेर राहिली. ती फारशी वापरात नाहीत, हे खरं. पण 'त्तोम' हे अक्षर त्यात नव्हतं आणि एका दूरचित्रवाणी मालिकेचं नावच त्या अक्षराने सुरू होत होतं. ज्यांच्या स्वतःच्या नावात असं अक्षर होतं, त्यांनी काय करायचं? मानकाला 'क्वचित' वाटणारं अक्षर त्या माणसाला रोज लिहावं लागतं.

पुढे विंडोज ९५ च्या काळात मायक्रोसॉफ्टने कोडपेज ९४९ आणलं. जुनी २,३५० जागची हलवली नाहीत, राहिलेली ८,८२२ मोकळ्या जागांत भरली. अक्षरं सगळी आली, पण संकेतांच्या क्रमाने यादी लावली तर ती वर्णक्रमाने लागेना. शिवाय नावांचा घोळ झाला. फाइलवर लिहिलेलं असतं 'ईयूसी-केआर', आत असतं ९४९. काटेकोर रूपांतरक अशा फाइलीत मध्येच अडखळतो. म्हणून व्यवहारात ईयूसी-केआर म्हटलेली फाइलही ९४९ समजून वाचावी.

युनिकोडनेही एकदा घर बदललं. १९९६ च्या २.० आवृत्तीत हांगुलची आधीची मांडणी सोडून सगळी ११,१७२ अक्षरं नव्या जागी, वर्णक्रमाने ठेवली. आधीच्या जागांवर लिहिलेला मजकूर निरर्थक झाला. यापुढे एकदा दिलेली जागा हलवायची नाही, हा दंडक त्यानंतर पक्का झाला. नव्या मांडणीचा फायदा असा की अक्षराचा क्रमांक हिशेबाने निघतो. 'हान' घ्या. ह चा क्रमांक १८, आ चा ०, शेवटच्या न चा ४. १८ गुणिले २१, अधिक ०, म्हणजे ३७८. त्याला २८ ने गुणा, १०,५८४. त्यात ४ मिळवा आणि सुरुवातीचा ४४,०३२ मिळवा. उत्तर ५४,६२०.

हेच 'हान' जोहाबमध्ये २०८, १०१ असे दोन बाइट. ईयूसी-केआरमध्ये १९९, २०९. यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट: २३७, १४९, १५६. अक्षर एकच, किल्ल्या तीन.

आता मुख्य मुद्दा. वाचताना किल्ली चुकली, तर बाइट जसेच्या तसे असतात; योग्य किल्लीने पुन्हा उघडा, मजकूर परत येतो. पण लिहिताना, समोरच्या प्रणालीत अक्षरच नसलं, तर तिथे प्रश्नचिन्ह बसतं. ते प्रश्नचिन्ह सगळ्या अक्षरांसाठी एकच, त्यामुळे मूळ कोणतं होतं ते कधीच कळत नाही. म्हणून मूळ फाइलीची प्रत आधी बाजूला ठेवा. रूपांतरकाला चूक आली की थांबायला सांगा, गाळून पुढे जायला नको. नंतर उलटं रूपांतर करून मुळाशी ताडून पाहा.

एक बारीक सापळा हांजाचा. केएस मानकात एकच चिनी अक्षर वेगवेगळ्या उच्चारांसाठी अनेकदा घातलेलं आहे. 'संगीत' या अर्थाचं अक्षर चार ठिकाणी येतं. युनिकोडने अशा २६८ जादा अक्षरांना स्वतंत्र जागा दिल्या. पण मजकुराचं 'नॉर्मलायझेशन' केलं की ती सगळी मूळ अक्षरात विरघळतात आणि उच्चाराची खूण जाते. म्हणून उलटं रूपांतर ताडून होईपर्यंत नॉर्मलायझेशन करू नका.

प्रश्न: आपल्या जुन्या मराठी फाइलींचंही असंच आहे का?

उत्तर: आपलं जास्त अवघड आहे. कोरियन फाइलीमागे निदान एक राष्ट्रीय मानक होतं. आपल्या डीटीपीच्या फाइलींत बरेचदा आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात आणि देवनागरी फक्त फाँट दाखवतो. प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा. तेव्हा फाइलीबरोबर फाँटचं नावही जपा. ते हरवलं तर किल्लीच हरवली. बाकी पथ्यं तीच: प्रत ठेवा, किल्ली ओळखा, ताडून पाहा.