तू बोल… नाही, तूच बोल!

रविवारचा घरचा ग्रुप कॉल. नाशिकहून मावशी, ठाण्याहून मामा, न्यू जर्सीहून भाचा. मावशी विचारते, "मग, यंदा दिवाळीला येताय ना?" पलीकडे शांतता. मावशीचा आवाज पडतो, "नसेल जमत तर राहू दे रे." नेमकं त्याच क्षणी भाच्याचं "अगं, तिकिटंसुद्धा काढली!" येऊन आदळतं. दोघं गप्प. "तू बोल." "नाही, तूच बोल." पुन्हा दोघं एकदम सुरू.

हीच मंडळी एका घरात जमली की एका वेळी चार विषय चालवतात आणि कुणाचं काही अडत नाही. मग कॉलवरच असं का होतं? यामागचं विज्ञान मोठं मजेदार आहे, आणि त्यात मावशीचा किंवा भाच्याचा काडीचाही दोष नाही.

पापणी लवायच्या आत उत्तर

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये जगभरातल्या दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या. प्रश्न संपला की उत्तर किती वेळात येतं? सरासरी साधारण २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. जपानी माणसं सगळ्यात चटपटीत, डॅनिश सगळ्यात सावकाश. पण फरक अगदी थोडा.

खरी गंमत पुढे आहे. एखादा शब्द मनात येऊन ओठांवर यायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर कसं देता येतं? समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार हे ताडतो आणि आपलं वाक्य जुळवायला घेतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तरी ते यायच्या आधीच आपण "हो ना!" म्हणून मोकळे झालेले असतो. माणसाच्या मेंदूची ही करामत मला फार थोर वाटते. रोज, दिवसभर, कुणीही न शिकवता आपण हे करतो.

मधल्या मध्ये वेळ कुठे जातो?

कॉलवर आपला आवाज अखंड जात नाही. त्याचे बहुधा वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा दाबून लहान केला जातो, घरच्या वाय-फायवरून निघतो आणि समुद्राखालच्या केबलमधून पुढे जातो. काचेच्या तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर. महाराष्ट्र ते न्यू जर्सी हे अंतर सरळ रेषेत धरलं तरी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे; नुसत्या प्रवासातच साठेक मिलिसेकंद गेले. केबल सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. शिवाय तुकडे मागेपुढे पोचतात, म्हणून पलीकडचं ॲप ते थोडे साठवून, क्रम लावून मग ऐकवतं. तिथेही वेळ जातो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी, की आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर गप्पा सुरळीत चालतात आणि ४०० च्या वर तर जाऊच नये.

आता मावशीच्या बाजूने हिशेब मांडू. तिचा प्रश्न पोचायला समजा २५० मिलिसेकंद लागले. भाच्याने नेहमीच्या चपळाईने २०० मध्ये उत्तर दिलं. ते परत यायला आणखी २५०. मावशीला ऐकू आली ती ७०० मिलिसेकंदांची शांतता. समोरासमोरच्या बोलण्यात एवढी लांब शांतता सहसा नकाराआधी येते. मावशीचा कान हे आयुष्यभर शिकलाय, म्हणून तिने समजुतीचा सूर लावला. ती बोलू लागली तेव्हा भाच्याचं आनंदाचं उत्तर वाटेतच होतं.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे मोजूनही दाखवलं. समोरासमोरच्या गप्पांत दोन बोलण्यांमधलं अंतर सरासरी १३५ मिलिसेकंद होतं, झूमवर तेच ४८७ झालं.

खापर मात्र माणसावर

जर्मन संशोधकांच्या २०१४ मधल्या एका प्रयोगात लोकांना कॉलवर बोलायला लावलं आणि आवाज मुद्दाम उशिरा पोचवला. बोलणाऱ्यांनी दोष कशाला दिला? पलीकडच्या माणसाला. तो कमी लक्ष देणारा, कमी आपुलकीचा वाटला. ऑफिसच्या कॉलवर एखाद्या नव्या मुलीला "थोडी मंद वाटते" म्हणण्याआधी तिच्या गावात रेंज कशी आहे ते विचारावं, असं मला कळकळीने वाटतं.

आर्वीवरून अमेरिका

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे विक्रम उपग्रह भू-केंद्र आहे. १९७० च्या दशकापासून परदेशी फोन अशा केंद्रांतून उपग्रहामार्गे जात. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. म्हणजे आजच्या "तू बोल, तू बोल"चा अनुभव ट्रंक कॉलच्या पिढीने आधीच घेतलेला आहे, तोही मिनिटाला भरमसाट पैसे मोजून.

दोन कानांची जादू

लग्नाच्या पंगतीत शंभर जण बोलत असतात, तरी शेजारच्या काकूंचं बोलणं आपल्याला नीट ऐकू येतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये या कोड्यावर प्रयोग केले. हेडफोनमधून दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणायला सांगितलं. लोकांनी ते सहज केलं. दुसऱ्या कानातलं भाषण मध्येच इंग्रजीऐवजी जर्मनमध्ये सुरू झालं, तर बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही! पुरुषाऐवजी बाईचा आवाज आला ते मात्र कळलं. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचंच नाव घालून पाहिलं. साधारण एक तृतीयांश लोकांनी ते बरोबर टिपलं. आपल्या नावाला कान कायम टवकारलेले असतात.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याशा फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो आणि नको ते आवाज बाजूला ठेवतो. साध्या ग्रुप कॉलवर मात्र मावशी, मामा, भाचा आणि मागची कुकरची शिट्टी हे सगळं एकाच पातेल्यात ओतून दिलं जातं. दिशाच नाही, मग मेंदू निवडणार कशावरून?

यावर उपाय आहे आणि तो गेम खेळणाऱ्या पोरांकडे खूप आधी पोचला. मंबल नावाच्या मोफत ॲपमध्ये खेळातला सोबती डावीकडे उभा असेल तर त्याचा आवाजही डावीकडून येतो. पुढे २०२१ मध्ये ॲपलच्या फेसटाइममध्ये आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये अशी सोय आली. हेडफोन लावून एकदा ऐकून पाहाच.

प्रतिध्वनी मारणारा माणूस

स्पीकरवर ठेवलेल्या फोनमध्ये पलीकडचा आवाज स्पीकरमधून निघतो, माइकमध्ये शिरतो आणि परत त्याच माणसाकडे जातो. असा प्रतिध्वनी ओळखून वजा करणारी, परिस्थितीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारी पद्धत ज्या संशोधनातून घडली, त्यात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले मनमोहन सोंधी हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आघाडीवर होते. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९६७ चा. आजच्या प्रत्येक कॉलमागे ही कल्पना आहे, आणि त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याची खंत वाटते.

या तंत्राची सगळ्यात अवघड परीक्षा कोणती? दोघं एकदम बोलू लागले ती. अभियंते तिला 'डबल टॉक' म्हणतात. माइकमध्ये शिरलेल्या आवाजातला प्रतिध्वनी किती आणि खरं बोलणं किती, हे तेव्हा यंत्राला नीट कळत नाही. मग ते सावधगिरी म्हणून एकाचा आवाज दाबतं. मामा मध्येच अर्धवट तुटतात ते यामुळे. साधे वायरवाले इअरफोन लावले की प्रतिध्वनी जवळजवळ उरतच नाही आणि दोघांचंही बोलणं शाबूत राहतं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय हाच.

झटपट चार गोष्टी

स्वतःचाच आवाज स्वतःला साधारण २०० मिलिसेकंद उशिरा ऐकू आला की भलाभला वक्ता अडखळतो. या तत्त्वावर दोन जपानी संशोधकांनी 'स्पीचजॅमर' हे बोलणाऱ्याला गप्प करणारं यंत्र बनवलं. त्याला २०१२ चा इग नोबेल मिळाला.

गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो; त्यांनी तो १९११ मध्ये मांडला. कॉलवर एकाने आवाज चढवला की सगळे का चढवतात, ते यावरून कळतं.

जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा. 'स'ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून फोनवर "सातारचा स" असं सांगावं लागे. २०१२ मध्ये प्रमाणित झालेलं ओपस हे तंत्र माणसाला ऐकू येणारा जवळजवळ सगळा पट्टा पोचवू शकतं.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू केला की बऱ्याचदा ऐकू येणारा आवाजही एकदम पत्र्यासारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. दोन्ही दिशांनी आवाज न्यायचा म्हणून तो कमी दर्जाच्या मार्गावर गेलेला असतो.

मध्ये बोलणं म्हणजे उद्धटपणा?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी मित्रमंडळींच्या जेवणावेळच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून अभ्यासल्या. एकमेकांच्या बोलण्यात बोलणं हा त्यातल्या न्यूयॉर्कच्या मंडळींसाठी उत्साहाचा, साथ देण्याचा भाग होता. आपल्याकडच्या कट्ट्यावर याहून काय वेगळं चालतं? "हं", "हो का", "अगंबाई!", "मग पुढे?" हे सगळं समोरचा बोलत असतानाच यायला हवं. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही तर आजीची गोष्ट पुढे सरकत नसे.

कॉलवर हा हुंकार उशिरा पोचतो, पुढच्या वाक्यावर आपटतो, आणि साथीचा आवाज अडथळा होऊन बसतो. कधी आवाज साफ करणारी यंत्रणा त्या "हं"ला पंख्याची घरघर समजून पुसूनच टाकते. शिस्त म्हणून सगळ्यांना म्यूट करणाऱ्यांचं मला पटत नाही. पंधरा जणांच्या बैठकीत ते ठीक. चौघांच्या गप्पांत मात्र म्यूट केल्याने बोलणाऱ्याला आपण भिंतीशी बोलतोय असं वाटतं.

आरती आणि तानपुरा

२०२० च्या गणपतीत कितीतरी घरांनी कॉलवर एकत्र आरती करून पाहिली आणि दुसऱ्याच ओळीला सगळी पांगली. एकत्र गाण्या-वाजवण्यासाठी आवाज साधारण २५ मिलिसेकंदांच्या आत पोचावा लागतो. हवेतून ध्वनी तेवढ्या वेळात साडेआठ मीटर जातो, म्हणजे साधारण एका मोठ्या दिवाणखान्याची लांबी. नाशिक-न्यू जर्सी या अंतरात ते भौतिकशास्त्राच्या नियमांनीच शक्य नाही.

त्यात टाळ आणि टाळ्या म्हणजे यंत्राच्या लेखी खडखडाट, आणि तानपुऱ्याचा अखंड सूर म्हणजे एसीची घरघर. ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या अनेक गुरूंना त्यामुळे शिष्याचा तानपुरा ऐकूच येईना. झूमवर 'ओरिजिनल साउंड' ही सोय सुरू केली की ही साफसफाई थांबते आणि तानपुरा परत येतो.

आरतीसाठीही एक तोडगा आहे. एकाच घराचा माइक चालू ठेवायचा, बाकीच्यांनी म्यूट करून त्यांच्या आवाजावर मोकळ्या गळ्याने म्हणायचं. म्यूटचं बटण इथे खरं कामाचं. प्रत्येक घराला पुढाऱ्याचा आणि स्वतःचा सूर बरोबर जुळलेला ऐकू येतो. न्यू जर्सीची आरती पाव सेकंद उशिरा संपते एवढंच. पुढाकार मात्र ज्याला सगळी कडवी पाठ आहेत त्याच्याकडे द्यावा.