निर्धूर चूल घेतली, पण पाइप कुठून काढणार? नवी चूल बसवण्याआधी एवढं पाहून घ्या

सातारा : पाऊस उघडला की पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या वरच्या गावांत चुलीची कामं निघतात. कुणी जुनी चूल मोडून नवी घालतं, कुणी बाजारातून सिमेंटची नाहीतर लोखंडी तयार चूल आणतं. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस वाडीवस्तीवर पोचला, हे खरं. पण भाकरी, अंघोळीचं पाणी आणि जनावरांचं आंबोण अजून लाकडावरच होतं. सिलिंडर बऱ्याच घरांत चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. त्यामुळे 'चूल वापरू नका' असं सांगून काही होणार नाही. ती नीट बसली पाहिजे.

निर्धूर चूल आपल्याला नवी नाही. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम 1983-84 ला सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. त्यातल्या बऱ्याच चुली दोन-तीन वर्षांत बंद पडल्या. पाइप फुटला, काजळीनं तुंबला, कुणी बदलला नाही, आणि बायकांनी शेजारी पुन्हा तीन दगड मांडले. चूल तशीच होती, बिघडला होता धुराचा रस्ता. आजही घोडं तिथंच अडतंय. चुलीसाठी लोक पैसे मोजतात आणि पाइपाचं काम मात्र 'भोक पाडून देतो की' म्हणणाऱ्यावर सोडतात.

आधी जागा

चुलीची जागा ठरवताना आधी वर बघा. डोक्यावर माळा आहे का? माळ्यावर पेंढा, तुराट्या, गोवऱ्या रचल्यात का? असतील तर एकतर चूल सरकवा, नाहीतर माळा रिकामा करा. कुडाच्या किंवा फळ्यांच्या भिंतीला चूल चिकटवू नका. मध्ये विटांची भिंत उभी करा किंवा हात-दीड हात मोकळी जागा सोडा. लोखंडी चूल असेल तर तिच्याखाली विटांचा किंवा फरशीचा ओटा हवाच, आणि तो तोंडासमोर हातभर पुढं आलेला हवा. कारण निखारा पडतो तो पुढं.

गॅस आणि चूल एकाच खोलीत असणं आता नेहमीचं झालंय. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि चूलही जमिनीलगतच पेटलेली असते. म्हणून सिलिंडर चुलीपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूला ठेवा. रबरी नळी चुलीच्या झळीत येता कामा नये. गॅसचा वास आला तर चूल पेटवायची नाही, विजेचं बटणही दाबायचं नाही. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या. गॅसगळतीसाठी 1906 हा नंबर दिवसरात्र चालतो.

खरं काम पाइपाचं

धूर वर ओढला जातो तो पाइपातल्या गरम हवेमुळे. पाइप जितका सरळ आणि उंच, तितकी ओढ चांगली. भिंतीतून आडवा बाहेर काढून वळचणीखाली सोडलेला पाइप सगळीकडे दिसतो. तो लावणाऱ्याला सोपा पडतो, पण वारा समोरून आला की सगळा धूर स्वयंपाकघरात परत येतो. शिवाय तोंड वळचणीखाली असल्यानं ठिणगी वाशात नाहीतर गवतात जाते. पाइप छपरातून वर न्यावा आणि जिथून निघतो तिथून किमान तीन फूट उंच ठेवावा. आढ्याच्या जवळ असेल तर आढ्याच्याही वर गेला पाहिजे, नाहीतर आढ्यावरून उतरणारा वारा धूर खाली दाबतो. वळण घ्यावंच लागलं तर एकच घ्या, आणि तेही काटकोनात नको, तिरकं घ्या.

आग लागण्याची सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे पाइप छपरातून जातो ती. कौलारू घरात पाइप वाशाला आणि रिपेला टेकलेला असतो. रोज तापून तापून ते लाकूड आतून कोळशासारखं होत जातं, आणि एक दिवस नेहमीच्याच जाळानं पेट घेतं. लोक म्हणतात, 'इतकी वर्षं काही झालं नाही, आजच कसं पेटलं?' ते असं पेटतं. उघड्या एकेरी पाइपापासून लाकूड, गवत, प्लॅस्टिक दीड फूट तरी लांब पाहिजे. जागा नसेल तर छपरातून जाताना पाइपाभोवती दुसरा मोठा पाइप घाला आणि दोन्हींमध्ये मोकळी फट ठेवा. गवताचं छप्पर असेल तर तेवढ्या भागातलं गवत काढून तिथं पत्रा बसवा आणि पाइप पत्र्याच्या बरोबर मध्यातून न्या. हल्ली पत्र्याच्या घरांत खालून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं सिलिंग करतात. त्यातून पाइप नेताना तेवढा चौकोन कापून तिथंही पत्राच लावावा लागतो. पाणी गळू नये म्हणून पाइपाभोवती डांबर थापणारे असतात. थापू नका, ते वितळतं आणि पेटतंही.

पाइप कुठला घ्यावा? जुना सिमेंटचा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचा पाइप ठोकर लागली की फुटतो, आणि कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला फार वाईट. लोखंडी बरा. चुलीला जोडलेला पहिला तुकडा जाड घ्या, कारण पातळ पत्रा जाळाजवळ लवकर जळतो. वर पावसासाठी टोपी हवी, पण ती पाइपाच्या रुंदीइतकी तरी उंच असावी, तोंडावर चेपून बसवलेली नको. पाइपाच्या पायथ्याशी टी जोडून तिला झाकण लावून घ्या. ते उघडलं की काजळी खाली पडते. ही टी नसेल तर दर वेळी पाइप उतरवावा लागतो, आणि मग कुणीच उतरवत नाही.

पेटवण्याआधी

मातीची चूल आठ-पंधरा दिवस सावलीत सुकू द्या, मग दोन-तीन दिवस फक्त बारीक काटक्यांचा जाळ करा. सिमेंटची असेल तर आधी पाणी मारून पक्की होऊ द्या. ओली चूल जोरात पेटवली की तडा जातो, आणि त्या तड्यातून धूर येतो.

ओढ बघायची सोपी रीत आहे. कागदाचा बोळा पेटवून चुलीच्या तोंडात धरा. ज्योत आत वळली तर ठीक. बाहेर आली तर पाइप तुंबलाय, आखूड आहे किंवा कुठं तरी फट आहे. दोन भांड्यांच्या चुलीत मागचं वैल कधी उघडं ठेवू नका. काही शिजवायचं नसलं तरी पाण्याचं पातेलं ठेवा. आणि मोठं ओंडकं जावं म्हणून तोंड फोडून रुंद करणं, ही आपल्याकडची हमखास चूक. तसं केलं की निर्धूर चूल पुन्हा साधी चूल होते.

ओल्या लाकडानं पाइपात डांबरासारखा काळा चिकट थर बसतो. तो पेटला तर पाइप लाल होतो आणि आत वारं घुमल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी चुलीचं तोंड आणि राख काढायचं भोक बंद करून हवा तोडायची, घरातल्यांना बाहेर काढायचं. पाइपात पाणी ओतायचं नाही. रोजच्या चुलीचा पाइप महिन्यातून एकदा झाडला तर ही वेळ सहसा येत नाही.

बंब आणि शेगडी

धुराचा त्रास दिसतो तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 मध्ये घरातल्या चुलीच्या धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. पण काही वायू दिसतच नाहीत. बंब पूर्वी परसात असायचा. आता फरशी घातलेल्या, घट्ट दाराच्या न्हाणीघरात आलाय. बाळंतिणीच्या खोलीत शेकाची शेगडी ठेवून, गार वारं नको म्हणून फटींना चिंध्या लावतात. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण कोंडलेल्या जागी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेलं माणूस उठत नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकदम असं व्हायला लागलं तर पित्त समजून थांबू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर आणा, 108 ला फोन करा.

बंब बाहेरच ठेवा आणि गरम पाणी बादलीनं आत न्या. शेक घ्यायचाच असेल तर दार उघडं ठेवून घ्या आणि बाळ-बाळंतीण झोपायच्या आधी शेगडी अंगणात नेऊन ठेवा.