दिवाळीआधी गीझर तपासलात का?

“नवी मुंबईत कसली आलीय थंडी!” म्हणून पुण्याच्या जाऊबाई मला हसतात. पण मैत्रिणींनो, डिसेंबरात भल्या सकाळी मुलांना शाळेसाठी तयार करताना गीझर लागतोच ना? मग अभ्यंगस्नानाच्या आधीच त्याची तपासणी उरकून घ्या.

विजेचा गीझर पावसाळाभर बंद होता? आधी गरम पाण्याच्या नळाला नीट धार येऊ द्या, मगच बटण दाबा. रिकाम्या टाकीत कॉइल तापली तर जळते. मेकॅनिककडून अर्थिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि आतली मॅग्नेशियमची कांडी बघून घ्या. टाकीला गंज लागू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजते. संपली की बदलायची. सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर साठलेले क्षारही काढायला सांगा.

खरी काळजी गॅसच्या गीझरची. गेल्या जानेवारीत गार वारा येतो म्हणून मी आमच्या नेरुळच्या घरी न्हाणीघराच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. धाकटी आंघोळ करून आली ती भिंत धरतच, डोकं गरगरतंय म्हणत. बंद जागेत हवा अपुरी पडली, की जळत्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात प्राणवायूची जागाच तो बळकावतो. आणि आपल्याला वाटतं, पोरीला उपाशीपोटी चक्कर आली! तिला लगेच मोकळ्या हवेत नेलं, डॉक्टरांना दाखवलं, म्हणून निभावलं.

गीझर आता बाहेर गॅलरीत आहे. पाणी तेवढं पाइपातून आत येतं. प्लंबरनं पैसे जरा जास्तच घेतले. खिडकीवरचा कागद मात्र मी त्याच दिवशी फाडला.