कापडाच्या रंगाचं पाणी बुरशी साफ करू शकते का?

मी जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा. आमच्याकडे कापूस पिकतो, पण त्याचं कापड होतं आणि रंगतं ते इचलकरंजी-सोलापूरकडे. रंगाई झाली की उरतं रंगीत पाणी. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग देताना साधारण १० ते ५० टक्के रंग धाग्याला चिकटतच नाही, तो पाण्याबरोबर वाहून जातो. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

हा रंग धुऊन, उन्हात जाऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. त्यामुळे नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेतले जिवाणूही त्याच्यापुढे हात टेकतात.

आता बुरशीकडे येऊ. पावसाळ्यात पडलेलं लाकूड पांढरट, भुसभुशीत होतं ना? ते काम श्वेत-कुज बुरशीचं. लाकडातला लिग्निन हा चिवट पदार्थ फोडायला ती लॅकेस, पेरॉक्सिडेज अशी विकरं शरीराबाहेर सोडते. लिग्निनची रचना वेडीवाकडी, म्हणून ही विकरंही एकाच कुलपाची किल्ली नसतात. मिळेल ते कुलूप उघडतात. रंगाचे रेणू लिग्निनसारखेच वलयांचे, मग तेही फुटतात. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीवर १९८३ साली असं काम प्रसिद्ध झालं. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार यांच्या गटाने अ‍ॅस्परजिलस ऑक्रेशियस या बुरशीने कापडाचे रंग घालवून दाखवले (२००६). ही बुरशी श्वेत-कुज नाही, साधी बुरशीच, बरं का.

पण रंग गेला म्हणजे विष गेलं, असं समजू नका! माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. अ‍ॅझो रंगात दोन नायट्रोजनचा जोड असतो. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू तो तोडतात, पाणी स्वच्छ दिसतं, पण अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स उरतात आणि त्यातली काही कर्करोगाला कारण ठरतात. बुरशी ऑक्सिजनच्या मदतीने तोडते, त्यामुळे हा धोका कमी; शून्य नाही. म्हणून संशोधक प्रक्रिया केलेल्या पाण्यात ज्वारी, मूग उगवून बघतात. मोड नीट आले, मूळ लांब वाढलं तर ठीक. काही बुरशी तर रंग फोडतच नाहीत, नुसता अंगात शोषून घेतात. मग तो रंगीत गाळ टाकायचा कुठे?

मग कारखान्यात हे सर्रास का दिसत नाही? बुरशीला थोडं आंबट पाणी लागतं, रंगाईचं पाणी अल्कधर्मी आणि खारट. शिवाय उघड्या टाकीत जिवाणू तिच्यावर कुरघोडी करतात, आणि काम व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात. रोजचं लाखो लिटर पाणी थांबवणार कुठे?

एक वाट मला आशेची वाटते. धिंगरी अळिंबीही श्वेत-कुज गटातलीच. सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या भुसावर पीक काढून झाल्यावर जो भुसा उरतो, त्यात लॅकेस शिल्लक असतं. तो रंगीत पाण्यावर वापरून पाहण्याचे प्रयोग झालेत. मराठवाड्यात भुसा तर ढिगाने आहे. फक्त रंग शोषलेला भुसा जनावरांना घालू नका, खतातही मिसळू नका.